महाल जळाला, कोपरा उरला : पाव्हियाँ द फ्लोरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पॅरिसला लुव्र संग्रहालय पाहायला गेलो असताना काचेच्या पिरॅमिडकडे पाठ करून पश्चिमेला पाहिले, तर राजवाड्याचे दोन लांबच लांब हात बागेच्या दिशेने पसरलेले दिसले. नदीकडच्या हाताच्या टोकाला जी उंच, शिल्पांनी भरलेली इमारत आहे, तिचे नाव ‘पाव्हियाँ द फ्लोर’ असल्याचे समजले. परंतु तिचा काळ एका पुस्तिकेत १६०७ ते १६१० आणि दुसऱ्या पुस्तिकेत १८६४ ते १८६८ असा दिलेला आहे. यांपैकी खरा कोणता? आणि एवढा भव्य राजवाडा मध्येच थांबल्यासारखा का दिसतो? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही काळ खरे आहेत, आणि राजवाडा मध्येच थांबल्यासारखा दिसतो हे आपले निरीक्षणही अचूक आहे. पाव्हियाँ द फ्लोर हा मुळात लुव्रचा शेवट म्हणून बांधलेलाच नव्हता. तो त्युइलरी नावाच्या दुसऱ्या राजवाड्याचा दक्षिणेकडचा, म्हणजे सेन नदीच्या बाजूचा कोपरा होता. तो राजवाडा १८७१ साली जळाला आणि १८८३ साली त्याच्या उभ्या भिंतीही उतरवण्यात आल्या. कोपरा मात्र लुव्रच्या हाताशी जोडलेला असल्यामुळे मागे राहिला. आज आपण पाहता तो एका नाहीशा झालेल्या महालाचा कोपरा आहे, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या रचनेतली एकही गोष्ट नीट उलगडत नाही.

कथेची सुरुवात राणी कॅथरीन द मेदिचीपासून करावी लागते. १५५९ साली दुसरा हेन्री हा तिचा पती एका भालाफेकीच्या नव्हे, तर घोड्यावरून भाले घेऊन खेळायच्या द्वंद्वात जखमी होऊन मरण पावला. पुढे १५६४ साली तिने लुव्रच्या पश्चिमेला, शहराच्या तटाबाहेर, स्वतःसाठी नवा राजवाडा बांधायला घेतला. त्या जागी पूर्वी कौलांच्या भट्ट्या होत्या. फ्रेंच भाषेत कौलाला ‘त्युइल’ म्हणतात, म्हणून राजवाड्याचे नाव त्युइलरी पडले. फिलिबेर दलोर्म या वास्तुकाराने काम सुरू केले, १५७० साली त्याचे निधन झाल्यावर जाँ ब्युलाँ याने ते पुढे नेले, आणि १५७२ च्या सुमारास ते अर्ध्यावरच थांबले. अशा रीतीने पॅरिसच्या पश्चिम टोकाला दोन राजवाडे उभे राहिले : तटाच्या आत जुना लुव्र, तटाबाहेर अपुरी त्युइलरी, आणि दोहोंमध्ये जवळजवळ अर्ध्या किलोमीटरचे अंतर. त्या अंतरात तट, खंदक आणि दाट वस्ती होती.

हे अंतर सांधण्याचा निर्धार चौथ्या हेन्रीने केला. १५९४ साली तो पॅरिसमध्ये आला आणि लगेच पुढच्या वर्षी त्याने नदीच्या काठाने लुव्रपासून त्युइलरीपर्यंत जाणारे एक अखंड दालन बांधायला घेतले. ‘ग्रांद गॅलरी’ या नावाने ते आजही प्रसिद्ध आहे आणि त्याची लांबी साडेचारशे मीटरांहून अधिक होती. त्यामागे वैभवाची हौस होती, तशी सुरक्षिततेची गरजही होती. त्याच्या आधीच्या राजाला, तिसऱ्या हेन्रीला, १५८८ साली बंडखोर पॅरिसकरांपासून वाचण्यासाठी लुव्रमधून त्युइलरीकडे जाऊन तेथून घोड्यावर बसून शहर सोडावे लागले होते. राजाला तट ओलांडून, रस्त्यावर पाऊल न टाकता, शहराबाहेर जाता यावे हा त्या दालनाचा एक सरळ उपयोग होता.

दालनाच्या पूर्वेकडील भागाचे श्रेय लुई मेतझो याला आणि पश्चिमेकडील भागाचे श्रेय जाक आंद्रुए द्यु सेर्सो (दुसरा) याला सहसा दिले जाते. हे दालन जिथे संपते, तिथे द्यु सेर्सोपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. दालन पूर्व-पश्चिम धावते, तर त्युइलरीचा महाल उत्तर-दक्षिण. एकाची उंची वेगळी, दुसऱ्याची वेगळी. एकाच्या खिडक्यांची ओळ दुसऱ्याच्या ओळीशी जुळत नाही. अशा दोन लांब इमारती काटकोनात नुसत्या भिडवल्या, तर सांधा कुरूप दिसतो. यावरचा उपाय म्हणजे सांध्याच्या जागी दोन्हींपेक्षा उंच, स्वतंत्र उतरत्या छपराची एक भारदस्त इमारत उभी करणे, म्हणजे दोन्ही बाजू तिच्यात येऊन विसावतात. १६०७ ते १६१० या काळात बांधलेला पाव्हियाँ नेमका असा होता. त्याच्या उत्तरेला एक छोटे दालन बांधून तो ब्युलाँच्या अपुऱ्या राहिलेल्या भागाशी जोडण्यात आला. दाराच्या बिजागरीसारखे काम करणारी ही इमारत माझ्या मते त्या काळच्या फ्रेंच वास्तुकलेतील फार समंजस उत्तरांपैकी एक आहे. १४ मे १६१० रोजी चौथ्या हेन्रीची हत्या झाली. दोन राजवाडे नदीच्या बाजूने जोडले गेल्याचे समाधान मात्र त्याला तोवर मिळालेले होते.

त्या वेळी या इमारतीला ‘नदीकाठचा मोठा पाव्हियाँ’ असे साधे नाव होते. फ्लोर हे नाव नंतरचे आहे. १६६९ साली चौदाव्या लुईच्या दरबारात, त्युइलरीतच, फुलांची रोमन देवता फ्लोरा हिच्यावरचा बॅले सादर झाला आणि त्यात राजा स्वतः नाचला. त्यावरून हे नाव पडल्याचे मानले जाते. त्याच दशकात लुई ल व्हो आणि फ्रांस्वा दोर्बे यांनी उत्तरेच्या टोकाला तोलासाठी तसाच दुसरा पाव्हियाँ बांधला. राजघराण्यातील मुलांच्या देखरेखीचे काम पाहणाऱ्या मार्साँ नावाच्या सरदार स्त्रीवरून त्याला पुढे ‘पाव्हियाँ द मार्साँ’ म्हणू लागले. म्हणजे ज्या जोडीमुळे आज डावी-उजवी बाजू सारखी दिसते, त्या जोडीतला एक भाग दुसऱ्यापेक्षा अर्ध्या शतकाने धाकटा आहे.

राज्यक्रांतीच्या काळात या इमारतीचे नाव बदलून ‘समतेचा पाव्हियाँ’ करण्यात आले आणि क्रांतिसरकारचा कारभार चालवणारी लोकसुरक्षा समिती तेथे बसू लागली. १७९३-९४ मधील दहशतीचे जे हुकूम फ्रान्सभर गेले, ते याच छताखाली ठरत होते. त्यानंतर दहा वर्षांनी, १८०४ साली, नेपोलियनच्या राज्याभिषेकासाठी रोमहून आलेले पोप सातवे पायस यांचा मुक्काम याच पाव्हियाँमध्ये होता. एका वास्तूने दहा वर्षांत एवढा पालट पाहावा, याचे मला आजही नवल वाटते.

आता आपल्या दुसऱ्या काळाकडे वळू. १८५२ साली तिसऱ्या नेपोलियनने लुव्र आणि त्युइलरी उत्तरेच्या बाजूनेही जोडून पूर्ण करण्याचे काम हाती घेतले. लुई व्हिस्काँती हा वास्तुकार १८५३ च्या अखेरीस मरण पावल्यावर सूत्रे एक्तोर लफ्युएल याच्याकडे आली. ग्रांद गॅलरीचा पश्चिमेकडील भाग आणि त्याच्या टोकाचा पाव्हियाँ अडीचशे वर्षांत खूपच जीर्ण झाला होता. १८६१ साली सम्राटाने तो पाडून नव्याने बांधण्यास मंजुरी दिली. १८६४ ते १८६८ या काळात लफ्युएलने जुन्याच जागी, जुन्याच नावाने, परंतु अधिक मोठा आणि शिल्पांनी कितीतरी अधिक भरलेला पाव्हियाँ उभारला. आपण पाहिलेले दगड या दुसऱ्या इमारतीचे आहेत. जागा, नाव आणि प्रयोजन पहिल्या इमारतीचे आहे.

या नव्या इमारतीला फार काळ शांतता लाभली नाही. ४ सप्टेंबर १८७० रोजी साम्राज्य कोसळले, तेव्हा तिसऱ्या नेपोलियनची पत्नी, सम्राज्ञी युजेनी, त्युइलरीतून पाव्हियाँ द फ्लोरमार्गे लुव्रच्या दालनांत शिरली आणि पूर्वेकडच्या दाराने बाहेर पडून निसटली. चौथ्या हेन्रीने राजाला शहराबाहेर पडता यावे म्हणून बांधलेली वाट अखेर उलट्या दिशेने, शहराच्या आत नाहीसे होण्यासाठी, उपयोगी पडली. पुढे २३ मे १८७१ रोजी, पॅरिस कम्यून या शहरातील बंडखोर सरकारच्या शेवटच्या दिवसांत, त्युइलरीला आग लावण्यात आली. मधला सारा महाल आणि उत्तरेचा पाव्हियाँ द मार्साँ जळून गेला. दक्षिणेची आग पाव्हियाँ द फ्लोरपाशी थांबली आणि त्याला लागून असलेला लुव्रचा चित्रसंग्रह वाचला. लफ्युएलने पुढे १८७४ ते १८७९ या काळात पाव्हियाँ द मार्साँ आपल्याच फ्लोरच्या धर्तीवर पुन्हा बांधला. मधल्या महालाच्या काळवंडलेल्या भिंती बारा वर्षे तशाच उभ्या होत्या आणि १८८३ साली त्या उतरवण्यात आल्या. आपल्याला दिसलेल्या दोन मोकळ्या हातांची टोके म्हणजे त्या महालाचे दोन कोपरे होत.

प्रश्न : ‘पॅव्हिलियन’ म्हटले की आम्हाला क्रिकेटच्या मैदानावरची खेळाडूंची बसायची जागा आठवते. राजवाड्याच्या कोपऱ्याला हे नाव कसे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. लॅटिन भाषेतील ‘पापिलिओ’ म्हणजे फुलपाखरू. तंबूच्या कनाती दोन्ही बाजूंना पंखांसारख्या पसरतात, म्हणून तंबूलाही तोच शब्द लावला गेला, आणि त्यातून फ्रेंचमध्ये ‘पाव्हियाँ’ झाला. तंबूसारखे स्वतःचे वेगळे, उंच छप्पर असलेल्या इमारतीला मग हे नाव मिळाले. फ्रेंच राजवाड्यांत लांब बाजूच्या मध्यभागी किंवा टोकाला अशा इमारती असतात. जुन्या किल्ल्यांत जिथे बुरूज असे, तिथेच त्या येतात, त्यामुळे त्यांना बुरुजांचे शांतताकाळातले वारस म्हणायला हरकत नाही. मराठीत ‘मंडप’ हा शब्द सुचतो खरा, पण मंडप बाजूंनी मोकळा असतो आणि पाव्हियाँ चारही बाजूंनी बंदिस्त, राहण्याजोगा असतो. म्हणून या उत्तरांत मी फ्रेंच शब्दच ठेवला आहे.

प्रश्न : या इमारतीच्या नदीकडच्या दर्शनी भागावर हसणारी एक स्त्री आणि तिच्याभोवती नाचणारी मुले आहेत. बाकीच्या राजवाड्यातील गंभीर पुतळ्यांपेक्षा हे शिल्प फारच वेगळे वाटले. ते कोणाचे आहे? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आपण नेमके त्या इमारतीचे हृदय टिपले आहे. ते शिल्प म्हणजे जाँ-बातिस्त कार्पो याने केलेला ‘फ्लोराचा विजय’. कार्पो १८२७ साली उत्तर फ्रान्समधील व्हालँसिएन या गावी जन्मला. १८५४ साली रोमला शिकायला जाण्याचे मानाचे पारितोषिक त्याने मिळवले, आणि तेथे मायकेलअँजेलोच्या कामाचा त्याच्यावर खोल ठसा उमटला. हा ठसा पाहायचा असेल, तर दर्शनी भागाच्या अगदी वरच्या टोकाकडे पाहावे. तेथे जगाला प्रकाश देणारे साम्राज्यरूपी फ्रान्स मध्यभागी आहे आणि तिच्या दोन बाजूंना शेती व विज्ञान यांच्या रेललेल्या आकृती आहेत. फ्लोरेन्समधील मेदिची घराण्याच्या समाधींवर मायकेलअँजेलोने कोरलेल्या आकृतींची ठेवण त्यांत स्पष्ट दिसते.

पण खाली, गुडघ्यावर बसलेल्या फ्लोरेत तो गुरूची छाया सोडून स्वतःच्या पायांवर उभा राहिला आहे. ही देवता कोणाला आशीर्वाद देत नाही, कोणता गुणही शिकवत नाही. भोवती मुलांचे कडे नाचते आहे आणि ती हसते आहे. दगडात हसू आणणे फार कठीण असते, कारण किंचित चूक झाली तरी ते थिजलेले वाटते. कार्पोने गालांचे मांस, खांद्याचा कल आणि फुलांवरचे हात यांतून ते हसू साऱ्या अंगभर पसरवले आहे.

वाद व्हायचा तो झालाच. कार्पोच्या आकृती भिंतीच्या पातळीतून बऱ्याच बाहेर झेपावतात. लफ्युएलच्या दृष्टीने शिल्प हे इमारतीच्या रेषांचे अंकित असले पाहिजे. कोणा एका आकृतीने सारी नजर आपल्याकडे ओढून घ्यावी हे त्याला मान्य नव्हते. प्रकरण सम्राटापर्यंत गेले आणि त्याने शिल्पकाराच्या बाजूने कौल दिला. वास्तुकाराचे म्हणणे मी उगाच उडवून लावणार नाही. एवढ्या लांब राजवाड्याला एकसंध ठेवणे हे त्याचे कर्तव्य होते, आणि प्रत्येक शिल्पकार असा वागला असता तर भिंत दिसलीच नसती. तरीही त्या दर्शनी भागावरून फ्लोरा काढून टाकल्याची कल्पना केली, तर जे उरते ते भव्य पण थंड आहे. कार्पोने पुढे या आकृतीच्या लहान प्रतिकृतीही केल्या.

प्रश्न : पाडलेला मूळ पाव्हियाँ कसा दिसत असे, याची कल्पना आज कुठे येऊ शकेल? जळालेला महाल पुन्हा बांधायला हवा होता, असे आपल्याला वाटते काय? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोठे समाधान देणारे आहे, कारण त्यासाठी जुन्या चित्रांवरच विसंबून राहावे लागत नाही. द्यु सेर्सोने दालनाच्या पश्चिम भागात दोन मजल्यांना एकत्र कवेत घेणारे, जमिनीजवळून थेट छपराच्या कडेपर्यंत जाणारे जोडीजोडीचे भित्तिस्तंभ, म्हणजे भिंतीला चिकटलेले चपटे खांब, वापरले होते, आणि त्यांच्यावर एकाआड एक त्रिकोणी व कमानदार मुकुट बसवले होते. पूर्वेकडील मेतझोच्या भागात मात्र प्रत्येक मजल्याला स्वतंत्र, नाजूक सजावट आहे. लफ्युएलने पश्चिम भाग पाडल्यावर द्यु सेर्सोची रचना पुन्हा न उभारता मेतझोचीच रचना पुढे चालवली. नदीकाठाने चालताना आज सारे दालन एकाच हाताचे वाटते, ते त्यामुळे. परंतु त्याआधी, पहिल्या नेपोलियनच्या काळात, पेर्सिए आणि फोंतेन या वास्तुकारांनी समोरची, म्हणजे रिव्होली रस्त्याकडची बाजू बांधायला घेतली तेव्हा, दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून, अंगणाकडचा दर्शनी भाग द्यु सेर्सोच्या दालनाप्रमाणे घडवला होता. त्याचा काही भाग आजही उभा आहे. मूळ नष्ट झाले आणि त्याची नक्कल उरली. पिरॅमिडच्या अंगणातून पश्चिमेला चालत गेल्यावर उजव्या हाताच्या बाजूला ते उंच भित्तिस्तंभ दिसले, की जुना दक्षिण हात कसा असेल हे डोळ्यांपुढे येते. लफ्युएलने ही रचना पुसून टाकली, ही त्याच्या कामातील सर्वांत मोठी हानी होय असे मला वाटते. जीर्ण झालेले पाडणे एक वेळ समजू शकते, पण त्या जागी शेजाऱ्याचा मुखवटा चढवणे समजण्यास कठीण जाते.

महाल पुन्हा बांधण्याच्या सूचना पॅरिसमध्ये अधूनमधून होत आल्या आहेत. १८८३ साली भिंती उतरवल्या तेव्हा तेथील दगड विकले गेले. त्यांतील पुष्कळसे कॉर्सिका बेटावर एका सरदार घराण्याच्या वाड्याच्या बांधकामात गेले. महाल नाहीसा झाल्याने एक जुने गुपितही उघडे पडले. लुव्रचा अक्ष, म्हणजे मध्यरेषा, आणि शाँझेलिझे या रस्त्याच्या दिशेने जाणारा बागेचा अक्ष एका रेषेत नाहीत. त्यांच्यात सुमारे सहा अंशांचा फरक आहे. आडवा उभा असलेला त्युइलरीचा महाल हे वाकडेपण झाकत असे. तो गेल्यावर ते दिसू लागले, आणि पिरॅमिड उभारताना वास्तुकार आय. एम. पेई यांना चौदाव्या लुईचा अश्वारूढ पुतळा बागेच्या अक्षावर, पिरॅमिडपासून जरा बाजूला, ठेवून ही रेषा सांभाळावी लागली. महालाची उणीव खरी आहे. पण त्या जागेतून आज अंगणात उभ्या माणसाला कमानींच्या ओळीतून थेट मावळतीचे आकाश दिसते, आणि मला ते बंद झालेले आवडणार नाही.

प्रश्न : पाव्हियाँ द फ्लोरच्या आत आज काय आहे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तिसऱ्या प्रजासत्ताकात, म्हणजे १८७० नंतरच्या राजवटीत, तेथे वसाहत खात्याची आणि नंतर अर्थखात्याची कचेरी होती. १९६१ साली अर्थखात्याने जागा सोडल्यावर ती लुव्रकडे आली. आता तेथे फ्रान्समधील संग्रहालयांसाठी काम करणारे संशोधन व संवर्धन केंद्र आहे, ज्याच्या प्रयोगशाळांचा काही भाग जवळच्या बागेखाली आहे. चित्रातील रंगांचे थर किंवा धातूची घडण, वस्तूला धक्का न लावता तपासण्यासाठी तेथे कणत्वरक, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारे, यंत्रही बसवलेले आहे. लफ्युएलने याच हातात साम्राज्याच्या सभांसाठी जे मोठे दालन योजले होते, त्या ‘पाव्हियाँ दे सेसियाँ’मध्ये २००० सालापासून आफ्रिका, आशिया, ओशेनिया आणि अमेरिका खंडांतील शिल्पे पाहायला मिळतात.

पाव्हियाँच्या प्रयोगशाळा अर्थातच पाहुण्यांसाठी खुल्या नाहीत. कार्पोची फ्लोरा पाहायला मात्र तिकीट लागत नाही. पाव्हियाँसमोरून सेन नदी ओलांडणाऱ्या ‘पाँ रोयाल’ या पुलावर उभे राहावे. दर्शनी भाग दक्षिणाभिमुख असल्याने दुपारचे ऊन मुलांच्या कड्यावर तिरपे पडते, सावल्या खोल होतात आणि भिंतीतून पुढे झेपावलेल्या ज्या आकृतींवरून वाद झाला होता, त्या किती पुढे आल्या आहेत हे तिथून स्पष्ट दिसते.